अधीन राहायला आम्ही तयार आहोत, पण वचन पूर्ण वाचा : चर्चचा कारभार बघणाऱ्या पास्टोरेट कमिटीला एक खुलं पत्र

पाळकसाहेब, सेक्रेटरी साहेब, खजिनदार आणि कमिटीचे सगळे मेंबर,

प्रभू येशूच्या नावाने सलाम.

हे पत्र खुलं का लिहितोय ते आधीच सांगतो, म्हणजे पुढचं वाचताना डोक्यात राग नको. वार्षिक सभेत जे झालं ते सगळ्या मंडळीसमोर झालं, त्यामुळे त्याच्याबद्दल मला जे वाटतं तेही मंडळीसमोरच आलं पाहिजे, उपासना संपल्यावर गेटबाहेर स्कूटरला टेकून चार जणांनी कुजबुजण्यापेक्षा हे बरं. मी नाव कुणाचं घेणार नाहीये, मंडळीचं, म्हणजे आपल्या चर्चचं, पण नाही, कारण मला माहितीये की हे वाचून नगरपासून सोलापूरपर्यंत निम्म्या मंडळ्यांना वाटणार आहे की हे आपल्याबद्दलच लिहिलंय.

तर सभेत झालं काय, की तरुण संघातल्या एका मुलीने उभं राहून विचारलं, कंपाउंडच्या रस्त्याकडच्या गाळ्यांचं भाडं किती येतं आणि ते ताळेबंदात कुठल्या हेडखाली दाखवलंय. एवढंच. आवाज चढवला नाही, बोट दाखवलं नाही, उलट बसताना थँक्यू पण म्हणाली. त्यावर व्यासपीठावरून उत्तर आलं ते बायबलमधलं इब्री लोकांस पत्र, अध्याय 13, वचन 17: "आपल्या अधिकाऱ्यांच्या आज्ञेत राहा व त्यांच्या अधीन असा." मग दोन मिनिटं हल्लीच्या पिढीत नम्रता राहिली नाही याच्यावर, आणि मग "चला प्रार्थनेने समारोप करू". डोळे मिटायला सांगितल्यावर कोण काय बोलणार. माझ्या शेजारचे काका आमेन म्हणता म्हणता पुटपुटले, झालं, हिशेब स्वर्गात गेला.

आता गंमत बघा, म्हणजे गंमत नाहीच खरं तर. ते वचन जिथे थांबवलं ना, तिथे ते संपतच नाही. पुढे सरळ लिहिलंय की हे अधिकारी तुमच्या जिवांची राखण करतात, आणि कसे करतात, तर आपल्याला हिशेब द्यायचा आहे हे समजून. म्हणजे ज्या वचनाने तुम्ही हिशेबाचा प्रश्न बंद केलात त्याच वचनाच्या पोटात हिशेब आहे. मला मान्य आहे की तिथे लेखकाच्या मनात गाळ्यांचं भाडं नाहीये, देवापुढे द्यायचा जिवांचा हिशेब आहे, मी काही वचन ओढून ताणून माझ्या बाजूला आणत नाही. पण ज्याला जिवांचा हिशेब द्यायचाय त्याला दुकानांच्या भाड्याचा हिशेब देताना एवढा घाम का फुटावा?

आणि हे एकाच वचनाचं नाहीये, ही आपल्याकडे पद्धतच पडून गेलीये. पेत्राचं पहिलं पत्र घ्या, अध्याय 5. तरुणांच्या मेळाव्यात दरवर्षी त्यातलं पाचवं वचन येतंच, "तरुणांनो, वडिलांच्या अधीन असा". पण अध्याय सुरू होतो वडिलांपासून! पेत्र आधी मंडळीच्या वडीलधाऱ्यांना धरतो, त्यांना सांगतो की कळपाचं पालन करा ते करावं लागतं म्हणून नाही तर संतोषाने, पैशाच्या लोभाने नाही, आणि लोकांवर "धनीपण करणारे असे नव्हे तर कळपाला कित्ते व्हा". हे सगळं झाल्यावर मग तो तरुणांकडे वळतो, आणि तिथेही लगेच म्हणतो की तुम्ही सगळेच एकमेकांशी नम्रतेने वागा. सगळेच. माझ्या इतक्या वर्षांच्या चर्चमधे मी दुसऱ्या-तिसऱ्या वचनावर कमिटीच्या शपथविधीला उपदेश ऐकल्याचं आठवत नाही, कुणी ऐकला असेल तर सांगा, आनंदच होईल.

"अभिषिक्ताला", म्हणजे देवाने नेमलेल्याला, "हात लावू नका" हे तर विचारूच नका. पाळकाबद्दल किंवा बिशपसाहेबांबद्दल कुणी जरा काही विचारलं की हे निघतं. स्तोत्र 105 काढून बघा एकदा शांतपणे. तिथे ते वाक्य कुणाला उद्देशून आहे? राजांना. आणि कुणाच्या बाजूने? अब्राहाम, इसहाक, याकोब, जे तेव्हा मूठभर होते, परक्या देशात हिंडत होते, ज्यांच्या नावावर जमीन नव्हती. देव सत्तावाल्यांना दम देतोय की या गरिबांच्या वाटेला जाऊ नका. आपण ते बरोब्बर उलटं फिरवलं आणि सत्तेच्या खुर्चीला कव्हर म्हणून घातलं.

मग लोक दावीदाचं उदाहरण देतात, की राजा शौल जिवावर उठला होता तरी दावीदाने त्याला हात लावला नाही. शंभर टक्के बरोबर, आणि माझ्या मते अधिकाराचा मान कसा ठेवावा याचं बायबलमधलं सगळ्यात भारी उदाहरण तेच आहे. पण ती गोष्ट पूर्ण सांगा ना. एन-गेदीच्या गुहेत दावीदाने शौलाच्या झग्याचा काठ कापला, त्याचंही त्याच्या मनाला लागलं, माणसांना त्याने आवरलं, शौलाला जाऊ दिलं. आणि मग? मग तो गप्प बसला का? तो गुहेच्या बाहेर आला, मागून हाक मारली "माझे स्वामीराजे", जमिनीपर्यंत वाकून मुजरा केला, आणि शौलाच्या अख्ख्या सैन्यासमोर तो कापलेला तुकडा हातात धरून विचारलं की लोक म्हणतात दावीद तुमचं वाईट करणार, ते तुम्ही का ऐकता, हा बघा पुरावा, परमेश्वर तुमच्या माझ्यामधे न्याय करो, पण माझा हात तुमच्यावर पडणार नाही. वाकला पण, विचारलं पण. एकाच दमात दोन्ही. त्या मुलीने सभेत यापेक्षा वेगळं काय केलं मला सांगा, तिच्या हातात तर झग्याचा तुकडा पण नव्हता, तुम्हीच वाटलेली ताळेबंदाची झेरॉक्स होती.

आणि प्रभूचं स्वतःचंच बघा. पकडला जाण्याआधी गेथशेमाने बागेत "माझ्या इच्छेप्रमाणे नको, तुझ्या इच्छेप्रमाणे होऊ दे" म्हणाला, मरणापर्यंत आज्ञाधारक राहिला, याच्यापेक्षा मोठी अधीनता कुठे आहे? त्याच रात्री जुना महायाजक हन्ना याच्यासमोर एका शिपायाने त्याच्या तोंडात मारली, महायाजकाला असं उत्तर देतोस का म्हणून. प्रभू काय म्हणाला? मी वाईट बोललो असेन तर सिद्ध कर, बरोबर बोललो असेन तर मला का मारतोस. उलटून मारलं नाही, शिवी दिली नाही, पण प्रश्न विचारला. योहान 18. मला तर वाटतं की आपल्या कमिटीत त्या दिवशी कुणीतरी उठून म्हणालं असतं, नम्रता नाही या माणसाकडे.

आता जरा आपल्या घरातलं बोलतो, कारण हे फक्त वचनांचं भांडण नाहीये. आपण कोण आहोत हे आपल्याला माहितीये. नगर भागात अमेरिकन मराठी मिशन 1831 ला आलं, आणि पुढे खेड्याखेड्यातले आपले पणजे-खापरपणजे, महारवाड्यातले आणि मांगवाड्यातले, ख्रिस्ती झाले. त्यांना अधीनता शिकवायला कुणी पाळक लागला नव्हता. ती त्यांच्या पाठीच्या कण्यात होती. पाटलाने हाक मारली की हातातला घास टाकून पळायचं, सांगावा घेऊन दुसऱ्या गावाला जायचं, मेलेलं ढोर ओढायचं, वाटेत कुणी दिसलं की "जोहार मायबाप", आणि बदल्यात शिळं. ज्या वतनांपायी हे सगळं करावं लागायचं ती बंद झाली 1958 च्या कायद्याने, म्हणजे आपल्या म्हाताऱ्यांनी ते डोळ्याने बघितलंय. माझी आजी सांगायची की तिच्या आजेसासऱ्याला बाप्तिस्मा घेतल्यावर सगळ्यात जास्त कशाचं अप्रूप वाटलं असेल तर चर्चमधे साहेबाच्या शेजारी त्याच बाकावर बसायचं याचं. मान ताठ ठेवून सलाम करायचा, बस.

अशा लोकांच्या नातवंडांना तुम्ही "अधीन राहा" म्हणता तेव्हा जरा जपून म्हणा एवढंच. कारण आपल्या माणसाला दोन गोष्टींतला फरक अजून अंगाने कळत नाही, एक नम्रता आणि दुसरी वेठ. नम्रता माणूस आपणहून देतो, वेठ त्याच्याकडून घेतली जाते, आणि बाहेरून दोन्ही सेम दिसतात, दोन्हीत मान खालीच असते. तुम्हाला समोर तीनशे खाली घातलेल्या माना दिसतात आणि वाटतं की वा, किती आध्यात्मिक मंडळी आहे. त्यातल्या किती जणांनी प्रेमाने घातलीये आणि किती जणांनी "कशाला उगाच, पोरीच्या लग्नाला चर्च लागेल, म्हाताऱ्याच्या मातीला पाळक लागेल" म्हणून, हे एकदा स्वतःला विचारा.

आपल्याकडे आज्ञा न मानणारे म्हणून कोण गाजलं ते पण आठवा. पंडिता रमाबाई. 1883 ला इंग्लंडमधे वाँटेजच्या सिस्टर्सकडे, म्हणजे अँग्लिकन जोगिणींकडे, राहून बाप्तिस्मा घेतला, आणि मग दोन-तीन वर्षं त्यांच्यातल्याच सिस्टर जेराल्डिनशी त्यांचा पत्रांतून जो काही वाद चालला तो वाचण्यासारखा आहे. परक्या देशात, दुसऱ्याच्या आधारावर राहणारी तरुण विधवा, कडेवर लहान मुलगी, आणि तिने कुणाला शिकवावं नि कुणाला नाही याच्यावर बिशप लोकांची मतं. क्रॉसवर लॅटिन अक्षरं कशाला, संस्कृत का नको, इथपासून वाद. 1885 ला त्या सरळ लिहितात की मी ख्रिस्ताच्या मंडळीची सभासद आहे हे खरं, पण पाळकांच्या नि बिशपांच्या तोंडून पडणारा प्रत्येक शब्द मानायला मी बांधील नाही. आता यात मला रमाबाईंएवढंच कौतुक सिस्टर जेराल्डिनचं वाटतं बरं का. ती बाई चिडली, दुखावली, रमाबाईंना गर्विष्ठ पण समजली, पण ती सगळी पत्रं तिने जपून ठेवली, स्वतःच्या विरोधातली सुद्धा, आणि म्हणून ती 1977 ला छापली जाऊन आपल्याला वाचायला मिळाली. आपल्याकडे साधी मागच्या सभेची मिनिट्सची वही सापडत नाही.

आणि कवी रेव्हरंड नारायण वामन टिळक. 1917 ला मिशनचं काम सोडलं, देवाचा दरबार नावाची ख्रिस्तभक्तांची स्वतंत्र संगत सुरू केली. सोडून गेलेल्या त्या माणसाची भजनं आपण दर रविवारी पेटी-तबल्यावर म्हणतोच आहोत की.

कुणी म्हणेल हे सगळे बंडखोर झाले, शिस्तवाल्यांचं काय. तर शिस्तवाल्यांचं पण सांगतो, कॅथलिक लोकांच्या मठांचं, आपण प्रोटेस्टंट असलो म्हणून काय झालं. सहाव्या शतकात इटलीत बेनेडिक्टने मठासाठी नियम लिहिले, आज्ञापालनाच्या बाबतीत एवढे कडक की आपल्यातला एक जण तिथे आठवडाभर टिकणार नाही. मठाधिपतीचा शब्द म्हणजे शेवटचा. पण त्याच नियमांत तिसऱ्याच प्रकरणात लिहिलंय की महत्त्वाचं काही ठरवायचं असेल तर मठाधिपतीने सगळ्या बंधूंना बोलवावं, सगळ्यांना, कारण चांगली गोष्ट देव पुष्कळदा वयाने लहान असलेल्याला सुचवतो. ऐकून घेतल्यावर मग निर्णय त्याचा, आणि तो झाला की बाकीच्यांनी हुज्जत घालायची नाही. पुढे एका प्रकरणात असंही आहे की एखाद्याला झेपणारच नाही असं काम सांगितलं तर त्याने योग्य वेळ बघून, अकड न दाखवता, का झेपत नाही ते वरिष्ठाला सांगावं, आणि तरीही वरिष्ठ ठाम राहिला तर देवावर भरवसा ठेवून करावं. याला मी म्हणतो आज्ञापालन. असं कुणी माझ्याकडून मागितलं तर मी आनंदाने देईन, निर्णय मला न पटणारा असला तरी. आधी ऐका तर.

आता तरुण पोरांनो, तुम्ही खुश होऊन हे फॉरवर्ड करत असाल, तर थांबा, तुमचंही आहे. ग्रुपवर पाळकसाहेबांच्या गाडीचा फोटो टाकून खाली जे काय लिहिलं होतं ते मला अजिबात आवडलं नाही. पाळकाला पगार किती असतो माहितीये का तुम्हाला? तो पण बऱ्याच वेळा उशिरा येतो. पोरांची शाळा अर्ध्यावर असताना ट्रान्सफरची ऑर्डर येते, सामान टेम्पोत टाकून निघायचं, का म्हणून विचारायची सोय नाही, कारण वरून त्यांनाही हेच वचन ऐकवलं जातं. रात्री दोनला सिव्हिल हॉस्पिटलमधून फोन आला तर तुमच्यातलं कोण जातं? तेच जातात. प्रेषित पौलाला महायाजकाच्या हुकमाने तोंडात मारली तेव्हा तो रागाने "चुना लावलेल्या भिंती" म्हणाला, आणि तो महायाजक आहे हे कळल्यावर लगेच मागे घेतलं, म्हणाला शास्त्रात लिहिलंय की लोकांच्या अधिकाऱ्याविरुद्ध वाईट बोलू नको. शब्द मागे घेतला, आपली बाजू मांडायचं सोडलं नाही. प्रश्न विचारा, हजारदा विचारा, तोंडावर विचारा, मीम बनवू नका. आणि वर्गणी थकवून ठेवायची आणि हिशेब मागायचा हे पण शोभत नाही, ते एक बघा.

परत कमिटीकडे येतो. रोमकरांस पत्र 13 तुमचं आवडतं आहे, वरिष्ठ अधिकाऱ्यांच्या अधीन असावं. छान. आता महाराष्ट्रात तुमच्या-आमच्या वरचा एक अधिकारी म्हणजे चॅरिटी कमिशनर. 1950 चा पब्लिक ट्रस्ट कायदा म्हणतो की ट्रस्टचे हिशेब ठेवा, दरवर्षी ऑडिट करा, ट्रस्टी बदलले की चेंज रिपोर्ट टाका, आणि कलम 36 म्हणतं की ट्रस्टची जागा विकायची किंवा लांब मुदतीने लीजवर द्यायची तर आधी परवानगी घ्या. मग हे पाळणं म्हणजे अधीनता नाही का? की अधीनता ही फक्त खालच्या बाकावर बसणाऱ्यांनीच पाळायची वस्तू आहे? मिशनच्या काळातले बंगले, शाळांची मैदानं, विहिरीजवळच्या पट्ट्या, कुठे कुठे काय काय झालंय ते सगळ्यांना माहितीये, कोर्टात किती फायली पडल्यात ते पण. मी इथे कुणावर आरोप करत नाही, आपल्या गाळ्यांत काही काळंबेरं आहे असं सुद्धा माझं म्हणणं नाही, कदाचित सगळं नीट असेल आणि नुसतं सांगायचा कंटाळा असेल. पण न सांगितल्यामुळे चांगल्या माणसावर पण संशय येतो, हे तुम्हाला का दिसत नाही?

काही जण मला म्हणाले, तू सरळ अर्ज टाक कमिशनरकडे. मी टाकलेला नाही. करिंथकरांस पहिल्या पत्रात पौल म्हणतो ना, भावाभावांचा वाद बाहेर नेण्याआधी तुमच्यात एकही शहाणा नाही का निवाडा करायला. मी ते मानतो. पण तो शहाणा माणूस कोण ते कमिटीनेच सांगावं, कारण प्रश्न विचारला की प्रार्थना सुरू होते अशा ठिकाणी शहाण्याने बसायचं कुठे.

आमच्या लहानपणी इथे एक म्हातारे पाळक होते, त्यांचं एक सांगतो. उपासना संपली की दानाच्या थैल्या ते वेस्ट्रीत, म्हणजे चर्चच्या आतल्या खोलीत, न्यायचे नाहीत, प्रभुभोजनाच्या टेबलाशेजारी एक साधं टेबल लावायचे, महिला मंडळातल्या दोन बायका तिथेच सगळ्यांसमोर चिल्लर मोजायच्या, दहा-दहा पैशांचे मनोरे करून, आणि आम्ही पोरं ते मनोरे बघायला गर्दी करायचो. आकडा खडूने फळ्यावर. एकदा एक पंच म्हणाले की साहेब, तुमच्यावर विश्वास आहे आमचा, कशाला हे. ते म्हणाले, विश्वास आहे तोवरच मोजून घ्या, गेल्यावर मोजून काय उपयोग. त्या माणसाने अख्ख्या कारकिर्दीत कधी "माझं ऐका" म्हटल्याचं मला आठवत नाही, आणि त्यांचा शब्द मोडायची कुणाची छाती नव्हती. कापणीच्या सणाला त्यांनी सांगितलं की यंदा लिलावाचे पैसे दुष्काळी गावाला, की तेवढ्यावर विषय संपला.

तर माझं मागणं काय आहे ते साफ लिहितो. गाळ्यांचे करार, दरमहा येणारं भाडं आणि मागच्या वर्षांचे ऑडिट रिपोर्ट चर्चच्या नोटिस बोर्डवर लावा, काचेच्या आत, कुलूप लावून लावा हवं तर. सभेत विचारलेला प्रश्न आणि त्याचं उत्तर मिनिट्समधे लिहा, जसा विचारला तसा. त्या मुलीच्या घरी पाळकसाहेबांनी एकदा चहाला जावं, उपदेश करायला नाही, नुसतं जावं, तिच्या आईला फार लागलंय, ती दोन रविवार आली नाही. आणि पुढच्या कमिटीचा शपथविधी होईल तेव्हा पेत्राचा पाचवा अध्याय पहिल्या वचनापासून वाचावा.

यातलं काही जमणार नसेल तर का नाही ते सांगा, मी ऐकून घेईन. कमिटीने ठरवलं की भाड्याचे पैसे छपराला लावायचे आणि मला वाटत असेल की आधी संडे स्कूलची खोली बांधावी, तरी मी छपराच्या कामाला श्रमदानाला येईन, तक्रार करणार नाही, तो अधिकार तुमचा आहे आणि तुम्हाला निवडून आम्हीच दिलाय. फक्त उत्तर लेखी द्या, तोंडी उत्तराचं दर सहा महिन्यांनी नवीन व्हर्जन येतं. गुड फ्रायडेच्या मांडवाचं आणि खुर्च्यांचं काम दरवर्षीसारखं माझ्याकडेच आहे असं धरून चालतो, काही बदल असेल तर आठवडाभर आधी कळवा, मांडववाल्याला अॅडव्हान्स द्यायचा असतो.

तुमचाच,
मंडळीचा एक सभासद